मधलीचा कप्पा

१

चुकलं ते एवढंच, की ती हसत होती.

"नक्की काढायचा?" असं पडद्याने विचारलं, तिने "होय" म्हणून बटण दाबलं, "मधली काढली" अशी ओळ उमटली, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपल्या ओठांवर हसू आहे. साधंसुधं नव्हे. कुणाची तरी खोडी काढताना येतं तसं. संध्याकाळी घरी गेल्यावर हिला सांगायचं, आज तुला उडवलं बरं का, आणि मग हिचा धपाटा चुकवत घरभर पळायचं, अशा जातीचं.

ही म्हणजे कोण, ते मात्र आठवेना.

ती स्वतः धाकटी. तिच्याहून सात वर्षांनी मोठी ताई, ती थोरली. दोघींच्या मधे कुणी नव्हतं. मग मधली कुठून आली?

तिच्या छातीत धस्स झालं. तसं तिच्या छातीत धस्स व्हायला फार काही लागत नसे. कुणी खुर्ची सरकवली तरी ती जागच्या जागी उडे. कॉलेज संपवून ती या प्रयोगशाळेत लागली त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी तिचं नाव ससुली ठेवलं होतं. मास्तर म्हणजे तिचे साहेब. पूर्वी कधीतरी ते शिकवत असत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

काम ऐकायला सोपं होतं. वीज गेली तरी न विसरणाऱ्या मेमरीच्या पट्ट्या इथे तपासल्या जात. अशी पट्टी कप्प्याकप्प्यांत वाटलेली असते आणि तिच्या एका कोपऱ्यात लेबलांसाठी थोडी जागा राखलेली असते. या कप्प्याचं नाव काय, तो कुठे सुरू होतो, केवढा लांब आहे, हे सगळं लेबलावर लिहिलेलं. मशीन चालू झालं की कर्नेल, म्हणजे मशीनच्या कारभाराचा सगळ्यात आतला गाभा, आधी तो कोपरा वाचतो आणि काय कुणाचं ते ठरवतो. ज्या जागेवर लेबल नाही, ती कर्नेलच्या लेखी मोकळी. रोज सकाळी तिने वीज तोडायची, पुन्हा जोडायची आणि कर्नेलला सगळे कप्पे ओळखता येतात का ते पाहायचं.

कप्प्यांना नावं काय द्यायची याला नियम नव्हता. तिच्या आधीच्या बाईंनी फळांची नावं दिली होती. तिने घरच्यांची दिली. आणि कप्पा रिकामा ठेवून चालत नाही, काही ना काही मजकूर लाखो वेळा भरावा लागतो, म्हणून ज्याच्या नावाचा कप्पा त्याचं पालुपद तिने आत भरलं होतं. आईच्या कप्प्यात "खाल्लंस का काही?", बाबांच्या कप्प्यात "दिवा कोण बंद करणार?", ताईच्या कप्प्यात "माझा कंगवा कुणी घेतला?" आणि स्वतःच्या कप्प्यात "कोण आहे?"

आज मास्तरांनी सांगितलं होतं, कुठलाही एक कप्पा काढून टाक आणि वीज गेल्यावरही तो काढलेलाच राहतो का बघ. तिने काढला. वीज तोडली, जोडली. पडद्यावर चार नावं आली. आई, बाबा, थोरली, धाकटी. थोरली आणि धाकटी यांच्या मधे मोकळी जागा.

"मास्तर, ही मधली कोण?"

"तुझ्या घरचं मला काय विचारतेस?" मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले. "पाच होते, चार राहिले. चाचणी पास. उद्या दुपारी तीनला ती मोकळी जागा शून्यांनी भरून टाकू."

तिने नोंदवही उघडली. महिन्याभरापूर्वीचं पान, तिचंच अक्षर. एक, आई. दोन, बाबा. तीन, थोरली. पाच, धाकटी. चौथ्या ओळीवर चारचा आकडा होता, त्यापुढे टिंब होतं, आणि टिंबापुढे कोरा कागद.

चौथं नाव सुचलं नसेल, तिने स्वतःला समजावलं. नंतर मशीनवर काहीतरी ठोकून दिलं असेल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही.

२

घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडतानाच आईने विचारलं, "काय म्हणतो तुझा कर्नल?"

"आई, कर्नेल. तो माणूस नाहीये."

"असं कसं? दिवसभर तुम्ही सगळे त्याच्या हुकुमात. मिशा असणारच."

बाबा वर्तमानपत्रामागून हसले. ताई आधीच आली होती आणि केस सोडून कंगवा शोधत होती. सगळं जिथल्या तिथे होतं. तिला इतकं बरं वाटलं की तिने आईला मागून मिठी मारली. आई म्हणाली, "मेले, गरम पातेलं आहे हातात," आणि तशीच उभी राहिली, मिठी सुटेपर्यंत.

कपडे बदलायला ती खोलीत गेली. तिची आणि ताईची ही खोली. ताईची खाट खिडकीपाशी, तिची दारापाशी. मधे एक खाट मावेल एवढी जागा. रोजचीच जागा, पण आज ती तिच्या डोळ्यांत खुपली. इतक्या लहान घरात, जिथे चपला ठेवायला कोपरा मिळत नाही, तिथे एवढी फरशी मोकळी कशी?

"ताई, आपण इथे काहीच का ठेवत नाही?"

"हवा खेळती राहते," ताई पटकन म्हणाली. मग कंगवा हातातच ठेवून ती त्या फरशीकडे बघत राहिली. "टेबल ठेवू म्हणतेस? ठेवू या की." पण ती स्वतः बाहेर गेली ते भिंतीला धरून, कडेकडेने, खाटेच्या कोपऱ्याला वळसा घालून. मधल्या फरशीवर तिने पाय टाकला नाही. धाकटीने पाहिलं, आपणही रोज तसंच जातो.

फरशीवर चार फिकट चौकोन होते. चार पाय बरीच वर्षं टेकून असावेत तसे.

स्वयंपाकघरातून आईची हाक आली. "थोरले... धाकटे... पानं घेतलीत!"

हाक रोजचीच. पण थोरले आणि धाकटे यांच्या मधे आईने श्वास घेतला. बरोबर एक नाव मावेल एवढा.

जेवायला बसताना आईने फळीवरून ताटं काढली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवं ताट तिने हातात धरलं, पदराने पुसलं, आणि परत ठेवलं. धाकटीशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. आईच्याही नाही.

"खाल्लंस का नीट?" आई तिला म्हणाली. "घास तोंडात धरून काय बसलीस?"

३

सकाळी न्हाणीघराचा क्रम ठरलेला होता. साडेसहाला ताई. सातला ती. त्या दिवशी अंथरुणात पडल्यापडल्या तिला वाटलं, ताई तर दहा मिनिटांत बाहेर येते. मग आपण सातपर्यंत कुणाची वाट बघतो?

ती उठली. ताई आरशापुढे केस पुसत होती. बाबा खिडकीत चहा पीत होते. आई ओट्यापाशी पाठमोरी. धाकटीने बोटांवर मोजलं. चौघं. घरात चौघंच आहेत आणि चौघंही दिसताहेत.

न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. आत नळाची धार बादलीत पडत होती. बादली भरत आली की तो आवाज बारीक होत जातो, तसा होत चालला होता.

"कोण आहे?" ती म्हणाली.

धार थांबली.

तिने दार ढकललं. आत कुणी नव्हतं. बादली काठोकाठ भरलेली, वर वाफ, आणि पाणी अजून हिंदकळत होतं. तोटीला थेंब लोंबत होता. तो खाली पडला, तशी ती किंचाळली.

"काय झालं गं?" तिघंही धावत आले.

"बादली..."

"मी भरून ठेवली असेन," ताई म्हणाली. "तुझ्यासाठी." आणि मग जरा विचार करून, "तुझ्यासाठीच ना?"

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ससा आहे आमचा ससा. चल, मी बसतो बाहेर, तू आंघोळ कर."

ते खरोखरच बाहेर स्टुलावर बसून राहिले आणि मोठ्याने बातम्या वाचत राहिले, तिला ऐकू जाव्यात म्हणून. आत तिने त्या बादलीत हात घातला. पाणी तिला सोसेल त्याहून बरंच कढत होतं. ताईला तर कोमटच लागतं. या घरात एवढं कढत पाणी कुणी घेत नाही.

४

"मास्तर, लेबल काढलं की आतलं जातं?"

मास्तर डबा उघडत होते. "दारावरची पाटी काढली म्हणून घर पडतं का गं, ससुली? फक्त टपालवाला यायचा थांबतो. माणसं आत असतातच."

"किती दिवस?"

"दुसरं कुणी राहायला येईपर्यंत." त्यांनी घड्याळ पाहिलं. "म्हणजे आज तीनपर्यंत."

साडेबारा वाजले होते.

एक वाजता, रोजच्यासारखा, तिचा अंगठा फोनवर आपोआप फिरला. अर्धवट फिरल्यावर ती थांबली. एकला आपण कुणाला फोन करतो? तिने मागचे फोन काढून पाहिले. रोज एकला एकच नंबर. कधी दोन मिनिटं, कधी चाळीस. एकही दिवस खंड नाही, कालचा सोडून. नंबराला नाव नव्हतं, नुसते आकडे.

तिने तो लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला.

आता माणसाची बुद्धी काय म्हणेल? चुकीचा नंबर. बँकेचा, कंपनीचा. बादली ताईने भरली. फरशीवरचे डाग आधीच्या भाडेकरूंचे. ताट आईने धुळीचं म्हणून परत ठेवलं. एकेक गोष्ट घेतली तर एकेक उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर बरोबर होतं. फक्त सगळी उत्तरं एका ओळीत लावली की मधे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं.

ती मशीनच्या खोलीत गेली. थंड, बिनखिडकीची खोली, पंख्यांची सततची घरघर. तिने कर्नेलला न विचारता ती मोकळी जागा थेट वाचायला घेतली. आतला मजकूर कच्च्या आकड्यांत पडद्यावर सरकू लागला आणि शेजारच्या रकान्यात त्याची अक्षरं जुळू लागली. एकच वाक्य, एकाखाली एक, लाखो वेळा.

दचकू नकोस, मीच आहे.

दचकू नकोस, मीच आहे.

दचकू नकोस, मीच आहे.

हे घरात कुणीच म्हणत नाही. आई म्हणत नाही, ताई तर "भित्रट" म्हणून मोकळी होते. पण हे तिने स्वतःच्या हाताने भरलं होतं. कुणीतरी तिच्या मागे येऊन, तिने उडी मारायच्या आत, हे म्हणत असणार. इतक्या वेळा, की त्या माणसाचं पालुपद म्हणून तिला हेच सुचलं.

चेहरा आठवत नव्हता, आवाज आठवत नव्हता. नुसतंच रडू येत होतं, कुणासाठी ते न कळता.

५

उपाय होता. तो तिला ठाऊक होता, कारण तोच तर तिचा धंदा होता.

कर्नेल लेबलांच्या सूच्या दोन ठेवतो. बदल झाला की एकीवर नवी सूची लिहितो आणि दुसरी जुनीच राहू देतो, म्हणजे लिहिताना वीज गेली तरी निदान जुनी हाताशी राहते. दोन्हींत ताजी असेल ती खरी. पण ताजी बिघडलेली सापडली, तर तो निमूट जुनीवर विश्वास ठेवतो. आणि जुन्या सूचीत काल सकाळचं जग होतं, पाच जणांचं.

तीनला शून्यं भरायची म्हणजे आधी त्या जागेला नवं लेबल लागणार. नवं लेबल लिहिलं की जुनी सूची पुसली जाणार. त्याआधी ताजी सूची हाताने बिघडवायची.

आणि हात चुकला तर? दोन्ही सूच्या शेजारी शेजारी असतात. एका आकड्याने इकडचं तिकडे झालं तर दोन्ही बिघडतील. मग कर्नेलला काहीच ओळखता येणार नाही. मधली नाही, आणि थोरलीही नाही, बाबा नाहीत, आई नाही. कालपर्यंत तिने म्हटलं असतं, ही नुसती नावं आहेत. आज तिला आईने पुसून परत ठेवलेलं ताट दिसत होतं. अशी पाचही ताटं.

"अजून इथेच?" मागून मास्तरांचा आवाज आला. ती दचकली, टेबलाला गुडघा आपटला. "पावणेतीन झाले. भरायला घेऊ का?"

"मास्तर, दहा मिनिटं द्या. मला एक चाचणी करायचीय. ताजी सूची बिघडली तर तो जुनीवर जातो का, ही."

"यादीत आहे का ती?"

"नाही."

मास्तरांनी तिचे डोळे पाहिले, पडद्यावरचं सरकणारं वाक्य पाहिलं. मग स्टूल ओढून शेजारी बसले. "माझ्या वेळी आम्ही आकडा मोठ्याने वाचायचो आणि दुसऱ्याने बोट ठेवून तपासायचा. वाच."

तिने जुन्या सूचीची पडताळणी आधी करून घेतली. ती शाबूत होती. मग कप्प्यांचा वापर थांबवला. मग तिने ताज्या सूचीचा पहिला आकडा मोठ्याने वाचला. मास्तरांनी बोट ठेवलं. "बरोबर. पुढे." ती वाचत गेली, ते बोट सरकवत गेले. शेवटच्या आकड्यावर मास्तरांचं बोट थांबलं.

"जे आत असेल ते तुझंच आहे ना?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "माझं असावं."

तिने बटण दाबून ताजी सूची बिघडवली आणि वीज तोडली.

पंखे थांबले. त्या खोलीत इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. कुठूनतरी, अगदी जवळून, कुणीतरी कष्टाने श्वास ओढावा तसा आवाज येत होता. आपलाच असेल म्हणून तिने श्वास रोखला. आवाज चालूच राहिला. तिने मास्तरांकडे पाहिलं. तेही श्वास रोखून तिच्याकडेच बघत होते.

"जोड," ते पुटपुटले.

तिने वीज जोडली. पंखे घुमले आणि तो आवाज त्यात बुडाला. पडदा काळा. मग काळ्यावर यादीचं शीर्षक, आणि खाली काहीच नाही. एक क्षण. दोन. तिने मनातल्या मनात आईला हाक मारली.

आई, अशी ओळ उमटली.

बाबा.

थोरली.

मग कर्नेल थांबला. रोज तो इतका थांबत नाही.

मधली.

धाकटी.

"पाच," मास्तर म्हणाले आणि त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "गेला बाई जुनीवर." मग उठता उठता ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "शून्यांचं बघू पुढच्या आठवड्यात. मला काही घाई नाही."

ती चेहऱ्याची वाट बघत बसली. आता आठवेल. आता डोळ्यांसमोर येईल, नाक कसं, वेणी घालते की केस कापलेत. काही आलं नाही. नाव जागेवर आलं होतं, त्यामागचं माणूस आलं नव्हतं. म्हणजे या यादीत आपण कुणाला परत घेतलं, हेही तिला माहीत नव्हतं.

तरी तिने फोन काढला. तो नंबर अजून बिननावाचाच होता. तिने तो लावला आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

घंटा वाजली. पाचदा, सहादा, दहादा. मास्तर दारात थबकले. ती मनात म्हणत होती, उचल गं. कुणीही अस, उचल. आमच्याकडे जागा आहे, आम्ही तिथे काहीच ठेवलेलं नाही.

घंटा मधेच तुटली. पलीकडे कुणीतरी होतं. आवाज आला तो खरखरीत, सोलवटलेला, बाईचा आहे एवढंच कळेल असा. ओळखीचा नव्हता. पण त्यात इतकी माया होती की तिने फोन कानाशी आणखी घट्ट दाबला.

"रागावू नकोस हं, धाकटे, उचलायला उशीर झाला," तो आवाज म्हणाला. "कालपासून तुम्हा सगळ्यांना हाका मारून मारून घसा पार बसलाय माझा."